विळीचा कसला फोटो काढतेस?

दुपारची आवराआवर झालेली असते. घर शांत असते. खिडकीतून येणारे ऊन ओट्यावर उपड्या घातलेल्या पातेल्यांवर पडलेले असते. अशा वेळी कुणा गृहिणीला वाटते, याचा फोटो काढावा. मोबाईल हाताशीच असतो. पातेल्यांपाठोपाठ चहाच्या डागांनी काळवंडलेली गाळणी येते, दाराआडची केरसुणी येते, ओट्याखाली आडवी करून ठेवलेली विळी येते. संध्याकाळी सगळे जमले की ती हौसेने फोटो दाखवते.

नवरा टीव्हीवरची नजर न काढता म्हणतो, ‘‘छान आहेत.’’ मुलगा म्हणतो, ‘‘आई, जरा रंग भडक कर, मजा येईल.’’ नणंद हसत सुटते, ‘‘अगं, विळीचा कसला फोटो काढतेस? महाबळेश्वरला गेलो होतो तेव्हा काढायचेस ना!’’ आणि सासूबाई चष्मा लावून, मोबाईल लांब धरून म्हणतात, ‘‘ती गाळणी आधी घासायची तरी होतीस!’’

या चौघांत सर्वात चांगला अभिप्राय कुणाचा? आमच्या मते सासूबाईंचा. कारण चौघांपैकी फोटो नीट पाहिला तो फक्त त्यांनीच!

निसर्गदृश्याचा, मुलाच्या वाढदिवसाचा, लग्नातल्या साडीचा फोटो दाखवला तर काय बोलायचे हे सर्वांना ठाऊक असते. पण गाळणीचा फोटो समोर आला की माणसे गोंधळतात आणि गोंधळ लपवण्यासाठी हसतात. त्या हसण्याने काय दुखावते, हे मात्र त्यांच्या लक्षात येत नाही. जिचे निम्मे आयुष्य या वस्तूंमध्ये गेले, ती त्या फोटोतून आपला दिवस दाखवत असते. ‘यात काय बघायचे?’ हा प्रश्न तिला ‘तुझ्या दिवसात बघण्यासारखे काय आहे?’ असाच ऐकू येतो. दुसऱ्या दिवसापासून ती फोटो काढणे सोडते, किंवा काढते पण कुणाला दाखवत नाही.

थट्टा थोरांचीही झाली

एडवर्ड वेस्टन हा अमेरिकेतील नामवंत छायाचित्रकार. 1925 साली मेक्सिकोत राहत असताना त्याने चक्क घरातल्या संडासाच्या भांड्याचे फोटो काढले. त्या भांड्याच्या गोलाईने तो अक्षरशः भारावला होता. घरच्यांनी मात्र त्याची यथेच्छ थट्टा केली. कुणी सुचवले, त्यात लाल गुलाब ठेव. मोलकरणींना तर वाटले, याचे डोके फिरले! आज तो फोटो छायाचित्रणाच्या इतिहासात मानाने दाखवला जातो.

दोन वर्षांनंतरचा किस्सा अधिक बोलका आहे. 1927 साली, कॅलिफोर्नियात परतल्यावर, वेस्टनने शिंपल्यांचे फोटो काढले आणि मेक्सिकोत असलेल्या टीना मोदोत्ती या आपल्या छायाचित्रकार मैत्रिणीला पाठवले. तिने ते तिथल्या चित्रकारांना दाखवले आणि कोण काय म्हणाले ते जसेच्या तसे पत्राने कळवले. दिएगो रिव्हेरा या विख्यात चित्रकाराने तर विचारले, वेस्टन सध्या आजारी आहे का? काहींना त्या शिंपल्यांत मानवी देहाचा भास झाला आणि ते अस्वस्थ झाले. ओरोस्को या दुसऱ्या मोठ्या चित्रकाराला शिल्पकार रोदँचा ‘ईश्वराचा हात’ आठवला, आणि त्याने शिंपल्यालाच वरचढ ठरवले. वेस्टन चकित झाला. त्याच्या मनात असले काहीच नव्हते, त्याला फक्त आकार दिसला होता. तरीही त्याने ती सारी मते आपल्या रोजनिशीत उतरवून ठेवली.

टीनाने काय केले ते पाहा. ‘पार्श्वभूमी बदल’, ‘दुसरा शिंपला घे’ असे सल्ले तिने दिले नाहीत. फोटो पाहून माणसांचे काय झाले, एवढेच सांगितले. हौशी माणसाला हेच हवे असते आणि घरात नेमके हेच मिळत नाही.

‘छान’च्या पुढे काय?

फोटो समोर आला की पहिले अर्धे मिनिट काही बोलू नये. मग जे दिसते ते सांगावे. ‘‘विळीचे पाते मधोमध झिजलेले दिसते’’, ‘‘माझी नजर आधी त्या मागच्या पिवळ्या डब्यावर गेली’’, ‘‘केरसुणी आहे हे कळायला मला वेळ लागला.’’ यात स्तुती नाही, टीकाही नाही. पण काढणारीला लगेच कळते, तिला दाखवायची होती झीज आणि बघणारा अडकला डब्यात! पुढच्या वेळी डबा ती स्वतःच बाजूला सारते.

काय पाहावे हे सुचत नसेल तर आपल्या तांब्याची आठवण ठेवावी. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन रचनाकार दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून आपल्याकडे आले होते. 1958 साली दिलेल्या अहवालात त्यांनी भारतात पाहिलेल्या वस्तूंमध्ये साध्या लोट्याला सर्वात सुंदर ठरवले. त्याच अहवालाच्या आधारे 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी राहिली. लोट्याविषयी त्यांनी प्रश्न तरी किती काढले! तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर? भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कुठे असतो? दुसऱ्या भांड्यावर आपटला की आवाज कसा येतो? उन्हात कसा चमकतो? फोटो पाहताना यातला एखादा प्रश्न विचारून बघा. या तांब्याचे वजन फोटोत जाणवते का? ही पितळी कढई गार वाटते की आताच चुलीवरून उतरवल्यासारखी?

आवडले नाही तर खोटे बोलावे असे मुळीच नाही. प्रत्येक गाळणीचा फोटो कलाकृती होत नाही, बहुतेक होतच नाहीत. पण मग कारण सांगावे, आणि एका वेळी एकच. घरगुती फोटोंमध्ये चुका साधारण ठरावीकच असतात. मोबाईल फार जवळ नेला की वाटी पुढून फुगलेली दिसते, दोन पावले मागे जावे. काळा लोखंडी तवा फोटोत राखाडी येतो, कारण काळोख आहे समजून कॅमेरा आपणहून उजेड वाढवतो. पडद्यावर तव्यावर बोट टेकवून उजेड कमी करता येतो. वरच्या दिव्याखाली विळीचे पाते सपाट दिसते, तीच खिडकीजवळ बाजूच्या उजेडात ठेवली तर प्रत्येक खाच दिसू लागते. स्टीलच्या डब्यात तर फोटो काढणारीच गाउनसह उभी असते! मागची पार्श्वभूमी आपोआप धूसर करणारी मोबाईलमधली सोय अनेकदा झाऱ्याचा दांडाच खाऊन टाकते.

हे सांगावे जरूर, पण तिच्या हातातून मोबाईल घेऊन स्वतः ‘सुधारून’ दाखवू नये. असे केले की तो फोटो तिचा राहत नाही. नवरेमंडळींना ही खोड फार असते.

दाखवणारीनेही थोडे धोरण ठेवावे. चाळीस फोटो पुढे सरकवले तर कुणीही ‘छान, छान’ म्हणत सुटणारच. तीनच निवडावेत, जमल्यास छापून आणावेत आणि जेवणानंतर टेबलावर मांडावेत. कागदावरचा फोटो बोटाने पुढे ढकलता येत नाही. बघणारे बोलत असताना ‘‘अहो, खरं तर मला असं दाखवायचं होतं’’ हा खुलासा गिळावा. बोलून झाल्यावर एकच प्रश्न विचारावा, ‘‘तुमची नजर कुठे थांबली?’’ मत पटले नाही तर वाद न घालता लिहून ठेवावे आणि त्याच वस्तूचा पुन्हा फोटो काढावा. वेस्टनने 1930 च्या ऑगस्टमध्ये चार दिवसांत ढोबळ्या मिरचीचे किमान तीस फोटो घेतले. मनासारखी पार्श्वभूमी सापडेना. शेवटी त्याने ती पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली आणि जगप्रसिद्ध ‘मिरची क्रमांक 30’ तयार झाली. नरसाळे तर आपल्याही घरात असते.

काही मते मात्र खरोखर सोडून द्यायची असतात. 1976 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात विल्यम एगल्स्टनचे रंगीत फोटो लागले होते. लहान मुलाची तीनचाकी, उघडी भट्टी असले विषय. एका मोठ्या वृत्तपत्राच्या समीक्षकाने ते अगदी सामान्य आणि कंटाळवाणे ठरवले. आज रंगीत छायाचित्रणाचा इतिहास त्या प्रदर्शनाच्या उल्लेखाशिवाय पुरा होत नाही.

पुण्यात जाणे झाले तर घरच्यांना राजा दिनकर केळकर संग्रहालयात जरूर न्यावे. चष्म्यांचा व्यवसाय करणाऱ्या डॉ. दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, दौती, भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या आणि तो ठेवा महाराष्ट्र शासनाला दिला. एका अडकित्त्यासमोर पाच मिनिटे उभी राहिलेली नणंद परत आल्यावर विळीच्या फोटोला सहसा हसत नाही.

आणि सासूबाईंचे राहिलेच. ‘गाळणी घासायची होती’ यावर रुसण्याऐवजी त्यांना विचारावे, ‘‘तुमच्या वेळी गाळणी कसली होती?’’ मग फडक्याने गाळलेल्या चहाची, बोहारणीशी घासाघीस करून घेतलेल्या पहिल्या स्टीलच्या पातेल्याची, माहेराहून आलेल्या विळीची हकिगत निघते. घर बदलताना ती विळी मोडीत जायची असेल तर ही हकिगत फोटोच्या मागे लगेच लिहून ठेवा. पेन्सिल मऊ घ्या आणि हात हलका ठेवा, जोर दिला की पुढच्या बाजूला वळ उठतात.