आकाशांतील खर्च व शेतांतील पीक

सरकारनें अग्निबाणांवर पैसा कां खर्चावा, असें कित्येक शेतकरी बंधु विचारतात. सातपुरास कारखान्यांसाठीं जमिनी गेल्या. तेव्हां अशा उद्योगांतून शेतीस काय लाभ, हा प्रश्न आम्हांसही पडतो. इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगर येथें साखर कारखान्यांच्या यंत्रांबरोबर इस्रोच्या अग्निबाणांचीं पोलादी कवचेंही घडतात. अशाच अग्निबाणांनीं हवामानाचे उपग्रह वर जातात. १७ फेब्रुवारी २०२४ रोजीं सोडलेला इन्सॅट-३डीएस पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या पैशानें व देशी कारखान्यांच्या साह्यानें झाला. तो सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवरून ढग व बाष्प टिपतो. परंतु अवकाळीची सूचना वेळेवर पोंचली, तरच द्राक्षबागाईतदारास तयार घड उतरवितां येतील, फवारणी लांबवितां येईल. म्हणून ती सूचना गांवोगांव फलकावर रोज मराठींत लागावी. कराच्या पैशाचें चीज तेथेंच होईल.