ॲप बदला, यादी सांभाळा

डोंबिवली-कल्याणहून सीएसएमटी गाठायची तर जलद लोकललाही तासभर लागतो. गर्दीच्या वेळी चौथ्या सीटचीही खात्री नसते, तिथे पुस्तक कुठून उघडणार? मग कानात पॉडकास्ट. कुणी बीबीसी मराठीची ‘गोष्ट दुनियेची’ ऐकतं, कुणी ‘अमुक तमुक’च्या गप्पा. काय ऐकायचं हे आपण चोखंदळपणे ठरवतो. कुठल्या ॲपवर, याचा विचार मात्र सहसा करत नाही. हाताशी असेल ते उघडतो.

2024 मध्ये हे अनेकांना नडलं. 2018 मध्ये आलेलं गुगल पॉडकास्ट्स एप्रिलमध्ये अमेरिकेत आणि जूनमध्ये उरलेल्या जगात बंद झालं. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये स्टिचर या पॉडकास्ट ॲपनेही गाशा गुंडाळला होता. गुगलने ऐकणाऱ्यांना त्यांच्या कार्यक्रमांची यादी यूट्यूब म्युझिकमध्ये हलवण्याची किंवा फाइल म्हणून उतरवून घेण्याची सोय दिली होती. मुदतीत ते न करणाऱ्यांना एकेक कार्यक्रम आठवून शोधत बसावं लागलं.

खरं तर पॉडकास्ट कुठल्या एका ॲपच्या मालकीचा नसतो. निर्माता ऑडिओ सर्व्हरवर ठेवतो आणि भागांची यादी ‘आरएसएस फीड’ नावाच्या पत्त्यावर टाकतो. त्या पत्त्यावर नवा भाग आला का, एवढंच ॲप बघत असतं. मोबाइल कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो, तसं ॲप बदललं तरी कार्यक्रमांची यादी तीच ठेवता येते. त्यासाठीची फाइल म्हणजे ‘ओपीएमएल’. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहा: दर कार्यक्रमामागे एक ओळ, तीत नाव आणि फीडचा पत्ता. अँटेनापॉड, पॉकेट कास्ट्स किंवा आयफोनवरचं ओव्हरकास्ट ही फाइल देतात आणि घेतातही. स्पॉटिफायमध्ये ही सोय नाही. तिथून निघायचं तर यादी हाताने उतरवून घ्यावी लागते.

या फाइलमधून फक्त कार्यक्रमांची नावं आणि पत्ते जातात. अर्धवट ऐकलेला भाग कुठे थांबला होता, काय डाउनलोड केलं होतं, हे जुन्या ॲपमध्येच राहतं. म्हणून आधी अर्धवट भाग संपवावेत, काही दिवस दोन्ही ॲप ठेवावीत आणि नव्यात सगळे कार्यक्रम आलेत याची खात्री झाली की जुनं काढावं.

लोकलच्या प्रवाशाने आणखी दोन-तीन गोष्टी तपासाव्यात. रेंज वाटेत दगा देते, त्यामुळे घरच्या वायफायवर भाग आपोआप उतरले पाहिजेत. 128 केबीपीएसचा तासाभराचा भाग साधारण 58 एमबी जागा घेतो. ऐकून झाल्यावर तो आपोआप पुसला गेला, तर फोन भरत नाही. गर्दीत खिशातून फोन काढणंही मुश्कील, म्हणून रांग घरीच लावता यावी आणि एक भाग संपला की दुसरा सुरू व्हावा. साध्या यूट्यूबवर ऐकणाऱ्यांची अडचण वेगळी: प्रीमियम नसेल तर स्क्रीन बंद होताच आवाजही थांबतो.

वेग कमी-जास्त करणं, मधली शांतता गाळणं या सोयी बऱ्याच ॲपमध्ये मिळतात. त्यांवरून निवड अडू नये. आधी सेटिंग्जमध्ये ‘एक्स्पोर्ट’ शोधा. सापडलं, तर आजच फाइल उतरवून स्वतःला मेल करून ठेवा. उद्या ॲप बंद पडलं, तरी फार तर पाच मिनिटांचं काम.