टूमस्टोनमध्ये बंदुकीला बंदी होती

अमेरिकेत माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत, हे आपल्याकडे कुणीही सांगेल. आणि ते खरंच आहे. जिनिव्हाच्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेच्या 2018 च्या अंदाजानुसार तिथल्या नागरिकांकडे सुमारे 39 कोटी 30 लाख बंदुका होत्या. लोकसंख्या तेव्हा साडेबत्तीस कोटींच्या आसपास. घोळ होतो तो यापुढे. या आकड्यावरून आपण धरून चालतो की अमेरिकेत घर तिथे बंदूक असणारच. प्यू रिसर्च सेंटरच्या 2023 च्या पाहणीत मात्र दर तीन प्रौढांमागे साधारण एकाने आपल्याकडे बंदूक असल्याचं सांगितलं, आणि घरात कुणाकडे तरी आहे असं म्हणणारे दहांत चार निघाले. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांच्या घरात ती नाहीच. मग एवढ्या बंदुका गेल्या कुठे? हार्वर्ड आणि नॉर्थईस्टर्न विद्यापीठांच्या संशोधकांनी 2015 मध्ये केलेल्या पाहणीत याचं उत्तर मिळतं: देशातल्या जवळपास निम्म्या बंदुका अवघ्या 3 टक्के प्रौढांकडे साठलेल्या आहेत. जाता जाता, स्मॉल आर्म्स सर्व्हेच्या त्याच यादीत एकूण संख्येत दुसरा क्रमांक भारताचा आहे. सुमारे 7 कोटी 10 लाख, आणि त्यातल्या बहुतेक विनापरवाना. माणशी हिशेब केला की आपण पार मागे पडतो, ती गोष्ट वेगळी.

दुसरा समज सिनेमाने घट्ट केलेला. जुन्या पश्चिमेत ज्याच्या त्याच्या कमरेला पिस्तूल आणि कायदा नावापुरता, असं चित्र आपण पिढ्यान्‌पिढ्या पडद्यावर पाहत आलो. आता ॲरिझोनातल्या टूमस्टोनकडे पाहा. चांदीच्या खाणींमुळे रातोरात वाढलेलं हे गाव. एप्रिल 1881 मध्ये गावाने नियम क्रमांक 9 केला: गावात उघड किंवा लपवून हत्यार बाळगायचं नाही. बाहेरून येणाऱ्याने ते तबेल्यात किंवा दारूच्या गुत्त्यात ठेवायचं आणि गाव सोडताना परत घ्यायचं. निवडणूक लागली की आपल्याकडे परवानाधारक बंदुका पोलीस ठाण्यात जमा करतात, तसलाच प्रकार, पण बारमाही. 26 ऑक्टोबर 1881 ची ओके कोरलची सुप्रसिद्ध चकमक याच नियमावरून झडली. मार्शल व्हर्जिल अर्प आपले दोन भाऊ आणि डॉक हॉलिडे यांना घेऊन गेला तो समोरच्या टोळक्याची हत्यारं काढून घ्यायला. गोळीबार चालला जेमतेम अर्धं मिनिट, तिघे मेले. तोही ओके कोरलमध्ये नव्हे, जवळच एका फोटो स्टुडिओच्या बाजूच्या अरुंद मोकळ्या जागेत. कॅन्ससमधल्या डॉज सिटीत तर बंदूक बाळगायला सक्त मनाई असल्याचा फलक भररस्त्यात उभा होता. त्याचं छायाचित्र आजही पाहायला मिळतं. म्हणजे ज्या काळाचा दाखला देऊन आज बंदुकीचं समर्थन होतं, त्या काळातली कैक गावं या बाबतीत आजच्या ॲरिझोनापेक्षा कडक होती. आज त्या राज्यात 21 वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तूल जवळ बाळगायला परवाना लागत नाही.

मग हे बदललं कधी? इथे नॅशनल रायफल असोसिएशनची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ही संघटना जन्मापासूनच बंदूक कंपन्यांची वकील होती असं समजलं जातं. तिची स्थापना 1871 मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाली. यादवी युद्धात उत्तरेच्या सैनिकांचा नेम फार कच्चा, ही तिच्या संस्थापक अधिकाऱ्यांची तक्रार होती. म्हणजे हा मुळात नेमबाजी सुधारण्याचा उद्योग. 1934 मध्ये मशीनगनवर निर्बंध घालणारा कायदा येत होता, तेव्हा संघटनेचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी संसदेच्या समितीपुढे सांगितलं की सरसकट बंदूक जवळ बाळगत फिरणं आपल्याला पसंत नाही, त्यावर कडक बंधन असावं. मे 1967 मध्ये ब्लॅक पँथर पक्षाचे कृष्णवर्णीय कार्यकर्ते भरलेल्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले. मग भरलेली बंदूक घेऊन जाहीरपणे फिरण्यावर बंदी आली. तिला रायफल असोसिएशनचा पाठिंबा होता आणि त्यावर सही होती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची. पुढे बंदूकधारकांचे लाडके राष्ट्राध्यक्ष झाले ते हेच. बंदूक कुणाच्या हातात आहे यावर कायदा किती लवकर होतो हे ठरतं, असं मला तरी यात स्पष्ट दिसतं. संघटनेने कूस बदलली ती 1977 च्या सिनसिनाटी अधिवेशनात. शिकार आणि निसर्गरक्षणाकडे वळू पाहणाऱ्या नेत्यांना सदस्यांनी एका रात्रीत पायउतार केलं आणि सूत्रं हार्लन कार्टर यांच्या गटाकडे गेली. आज आपल्याला ठाऊक असलेली संघटना ही.

घटनेचंही तसंच. शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुसरी घटनादुरुस्ती 1791 ची, हे बरोबर. पण घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा स्पष्टपणे म्हटलं ते 2008 मध्ये, वॉशिंग्टन शहराच्या पिस्तूलबंदीच्या खटल्यात. तेही पाच विरुद्ध चार मतांनी. दुरुस्तीच्या मजकुरात ‘सुनियंत्रित मिलिशिया’चा उल्लेख आहे, त्यामुळे हा हक्क त्या नागरी सैन्यापुरताच की सगळ्यांचा, यावर वाद चालत आला होता. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्कॅलिया यांनीही हा हक्क अमर्याद नाही, असं त्यातच नोंदवून ठेवलं.

खरेदीबद्दलच्या काही समजुती झटपट उरकता येतील. परवानाधारक दुकानात फॉर्म 4473 भरावा लागतो आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी होते. ऑनलाइन घेतलेली बंदूकही सहसा अशाच दुकानात येते, घरपोच नाही. उलट एका खासगी माणसाने दुसऱ्याला विकली, तर केंद्राचा कायदा तपासणी मागत नाही. काही राज्यांचा मागतो. मे 1986 नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला घेता येत नाही, आणि त्याआधीच्या मोजक्या नोंदणीकृत मशीनगनच्या किमती हजारो डॉलर्सच्या घरात आहेत. आणि सायलेन्सर लावला की सिनेमात नुसतं ‘फुस्स’ होतं, प्रत्यक्षात आवाज फक्त कमी होतो. आजूबाजूच्यांना कळायचं ते कळतंच.

पोलिसांनी संगणकावर नंबर टाकला की मालकाचं नाव झळकतं, हा समज मात्र सावकाश सोडवण्यासारखा आहे. बंदूकमालकांची देशव्यापी नोंदवही ठेवायला 1986 च्या कायद्याने सरकारलाच मनाई केली. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढतात तो वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या केंद्रात. तिथले कर्मचारी आधी कारखान्याला फोन लावतात, मग घाऊक विक्रेत्याला, मग दुकानदाराला. तो आपल्याकडचा फॉर्म शोधून नाव सांगतो. दुकान बंद पडलं असेल तर त्याचे कागद खोक्यांत भरून याच केंद्रात आलेले असतात. ही खोकी इतकी झाली की इमारतीत मावेनात, आवारात मालवाहू कंटेनर उभे करावे लागले. कागद आता स्कॅन होतात, पण नाव टाकून शोधायची सोय जाणूनबुजून ठेवलेली नाही. कर्मचारी पडद्यावर एकेक पान उलटत बसतो.

शेवटचा समज सगळ्यात खोल रुजलेला: बंदुकीने मरणारे बहुतेक सामूहिक गोळीबारात किंवा टोळीयुद्धात मरतात. 2023 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 46,728 मृत्यू झाले, त्यातल्या सुमारे 58 टक्के आत्महत्या होत्या. सामूहिक गोळीबारांचा वाटा एकूण मृत्यूंत फार थोडा, आणि बातम्यांत गाजणाऱ्या रायफलींचाही. एफबीआयच्या 2020 च्या नोंदींत बंदुकीने झालेल्या खुनांपैकी 59 टक्के पिस्तूल-रिव्हॉल्व्हरने झाले, रायफलीने 3 टक्के; उरलेल्यांपैकी बहुतेकांत हत्याराचा प्रकारच नोंदलेला नाही. वायोमिंग आणि मोंटाना या विरळ वस्तीच्या राज्यांत बंदूक-मृत्यूंचा दर मोठा आहे तो आत्महत्यांमुळे.

2009 मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात आठवडाभराच्या आत एकमेकांना अनोळखी अशा तीन माणसांनी एकाच दुकानातून बंदूक घेतली आणि काही तासांत जीव दिला. त्यानंतर तिथले बंदूक विक्रेते आणि आरोग्य क्षेत्रातली मंडळी एकत्र बसली. खचलेला ग्राहक कसा ओळखावा, त्याला विक्री कशी नाकारावी, घरातलं कुणी निराश असेल तर बंदूक काही दिवस दुसरीकडे ठेवायला कसं सुचवावं, याची माहितीपत्रकं दुकानांत लागली. पुढे इतर अनेक राज्यांनी हा उपक्रम उचलला. त्यात बंदुकीच्या हक्काचे कट्टर समर्थकही आहेत, आणि त्यासाठी ते कुठल्या कायद्याची वाट पाहत बसले नाहीत.