क्रीडा स्वयंसेवेमागील प्रेरणा

क्रीडा स्वयंसेवा म्हणजे खेळाडू, क्रीडासंस्था किंवा स्पर्धा यांच्यासाठी वेतनाची अपेक्षा न ठेवता स्वेच्छेने केलेले काम. मैदानाची आखणी, वेळनोंद, गुणलेखन, प्रथमोपचार, प्रेक्षकांना मार्गदर्शन, मुलांचे प्रशिक्षण अशी अनेक कामे स्वयंसेवक करतात. मोबदला नसताना माणसे हे काम का स्वीकारतात आणि पुढे ते का सोडतात, हा क्रीडा व्यवस्थापन व मानसशास्त्र या दोन्ही विषयांतील अभ्यासाचा प्रश्न आहे.

प्रेरणांचे वर्गीकरण

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिल क्लॅरी, मार्क स्नायडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये सर्व प्रकारच्या स्वयंसेवेला लागू पडणारे एक वर्गीकरण मांडले. त्यात सहा प्रेरणा आहेत :

१. परोपकाराची मूल्ये आचरणात आणणे
२. नवे ज्ञान व कौशल्ये मिळवणे
३. सामाजिक संबंध जपणे
४. व्यवसायासाठी उपयुक्त अनुभव मिळवणे
५. अपराधभाव, एकटेपणा यांसारख्या भावनांपासून सुटका
६. आत्मसन्मान वाढवणे

एकाच व्यक्तीच्या मनात यांपैकी अनेक प्रेरणा एकत्र असू शकतात. तसेच एकच काम करणाऱ्या दोन व्यक्तींची कारणे भिन्न असू शकतात. आपल्या प्रेरणेशी जुळणारा अनुभव मिळाल्यास स्वयंसेवक अधिक समाधानी राहतो, असे या संशोधकांनी दाखवले.

स्पर्धा व स्थानिक क्रीडासंस्था

मोठ्या स्पर्धेतील सेवा अल्पकाळाची असते. दुर्मीळ सोहळ्याचा भाग होणे, आपल्या शहराचा अभिमान आणि नव्या ओळखी या तिच्यामागील प्रमुख प्रेरणा होत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिक व पॅरालिंपिक स्पर्धांत सुमारे ७०,००० स्वयंसेवकांनी काम केले.

स्थानिक संस्थांमधील सेवा मात्र वर्षानुवर्षे चालते. तेथे आपले मूल खेळत असल्याने पालक कामात उतरतात, तर माजी खेळाडू खेळाचे ऋण फेडण्याच्या भावनेने येतात. परस्पर सहकार्याचे उदाहरण म्हणजे ‘पार्करन’ हा ५ किलोमीटर धावण्याचा विनामूल्य साप्ताहिक उपक्रम. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनमधील बुशी पार्क येथे १३ धावपटूंसह तो सुरू झाला. त्याचे आयोजन स्वयंसेवक करतात व त्यांत धावणाऱ्यांचाही समावेश असतो.

प्रेरणा ओसरण्याची कारणे

‘टोकियो २०२०’ ऑलिंपिकसाठी सुमारे ८०,००० स्वयंसेवक निवडण्यात आले होते. कोविड साथीमुळे स्पर्धा वर्षभर पुढे ढकलली गेली आणि जून २०२१ पर्यंत त्यांपैकी सुमारे १०,००० जणांनी माघार घेतली. संसर्गाची भीती व बदललेले वेळापत्रक ही त्यामागील कारणे होती. आयोजन समितीच्या तत्कालीन अध्यक्षांनी महिलांविषयी केलेल्या विधानाच्या निषेधार्थही काहींनी काम सोडले. स्वयंसेवकाची प्रेरणा केवळ त्याच्या स्वभावावर नव्हे, तर सुरक्षितता आणि आयोजकांवरील विश्वास यांवरही अवलंबून असते, हे यातून दिसते.

टीका

प्रक्षेपणहक्क व प्रायोजकत्व यांतून मोठे उत्पन्न मिळवणाऱ्या स्पर्धांनी विनावेतन श्रमांवर विसंबावे का, हा वादाचा विषय आहे. अशा स्पर्धांत गणवेश व भोजन सहसा मिळते, परंतु निवासाचा खर्च अनेकदा स्वयंसेवकालाच करावा लागतो. त्यामुळे इच्छा असूनही आर्थिकदृष्ट्या दुर्बल व्यक्ती या संधीपासून दूर राहू शकतात.