करंट येतोय, पेट्रोल आहे, तरी जुनी चेतक चालू का होत नाही?

समजा, घाटनांदूरच्या एखाद्या घराच्या पडवीत वडिलांच्या काळातली बजाज चेतक दोन-तीन वर्षं उभी आहे. नवं पेट्रोल टाकलं, नवा प्लग बसवला, स्कूटर तिरकी करून झाली, वीस किका मारून झाल्या. गाडी ढिम्म. मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो इंजिन खोलावं लागेल, दुसरा म्हणतो भंगारात द्या. एक गोष्ट मात्र तपासायची राहिलेली असते, ती म्हणजे टायमिंग.

चेतक १९७२ साली बाजारात आली. तिचं जुनं इंजिन टू-स्ट्रोक. म्हणजे पिस्टन दर वेळी वर आला की प्लगवर एक ठिणगी पडते. मिनिटाला ३००० फेरे धरले तर सेकंदाला ५० ठिणग्या. पण ठिणगी पिस्टन अगदी वर पोचल्यावर पडून चालत नाही. पेट्रोलची वाफ पेटून जाळ पसरायला क्षणभर लागतो, म्हणून ठिणगी साधारण वीसेक अंश आधी पडावी लागते. या वेगाला वीस अंश म्हणजे सेकंदाचा जेमतेम हजारावा भाग! ठिणगी फार आधी पडली तर वर येणारा पिस्टन मागे ढकलला जातो आणि किक उलटी मारते. उशिरा पडली तर गाडी चालूच होत नाही, नाहीतर सायलेन्सरमधून फटाके फुटतात.

आधी करंट पाहायचा. प्लग काढून टोपीत बसवायचा, त्याचं धातूचं अंग इंजिनला टेकवायचं आणि किक मारायची. प्लगच्या भोकातून पेट्रोलचे तुषार उडतात, त्यामुळे ठिणगी भोकापासून लांबच हवी. कडक निळी ठिणगी दिसली तर ठीक. पिवळट, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर संशय पॉइंट आणि कंडेन्सरवर. गाडी बरेच दिवस उभी राहिली की पॉइंटच्या तोंडांवर गंजासारखा थर चढतो. बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवला आणि तोंडं कोरडी पुसली की पुष्कळदा काम भागतं.

ठिणगी चांगली आहे, पेट्रोल येतंय, किकला दाबही लागतोय, आणि तरी गाडी नुसती फुसफुसते? आता टायमिंग. पंख्याचं झाकण काढलं की मॅग्नेटच्या खिडकीतून पॉइंट दिसतात. ते पूर्ण उघडलेले असताना फट फीलर गेजने मोजायची. साधारण ०.४ मिलिमीटर हवी. पॉइंटची फायबरची टाच घासत जाते, फट कमी होते आणि ठिणगी आपोआप उशिरा पडू लागते. फट वाढवली की ठिणगी लवकर पडते. म्हणून आधी फट, मग टायमिंग. हा क्रम चुकला की सगळं पुन्हा करावं लागतं.

पॉइंट नेमके कधी उघडतात, हे पाहायला पातळ कागदाचा चिटोरा पुरतो. तो पॉइंटमध्ये धरायचा आणि मॅग्नेट हाताने चालीच्या दिशेने हळू फिरवायचा. चिटोरा सुटला तो ठिणगीचा क्षण. त्या वेळी खुणा जुळायला हव्यात. जुळत नसतील तर आतल्या प्लेटचे स्क्रू ढिले करून ती किंचित फिरवायची. मॅग्नेट फिरतो त्याच्या उलट दिशेला फिरवली तर ठिणगी लवकर, त्याच दिशेला फिरवली तर उशिरा.

खरा चकवा वेगळाच आहे. मॅग्नेट क्रँकवर जागच्या जागी धरून ठेवायला अर्ध्या चंद्राच्या आकाराची एक छोटी चावी असते. मॅग्नेटचा नट ढिला राहिला की ती कापली जाते आणि मॅग्नेट क्रँकवर सरकतो. मग फट बरोबर, करंट बरोबर, मॅग्नेटवरच्या खुणाही जुळलेल्या, फक्त पिस्टन भलतीकडेच. चांगली चालणारी गाडी एकाएकी उलट किक मारायला लागली, तर इंजिन खोलण्याआधी मॅग्नेट पुलरने काढून ही चावी पाहावी. हातोडीने ठोकू नये, त्याने क्रँकची आटी बिघडते.

नंतरच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या चेतकमध्ये पॉइंट नाहीत, त्यामुळे फट मोजायचा प्रश्न नाही. ही चावी मात्र तिथेही आहे.