तापातील आकडी आणि भिंतीवरचे घड्याळ

तुरीच्या हंगामात आपल्या बिदर-कलबुर्गी सीमाभागातील पेढ्यांवर जी धांदल असते, ती सभासद बंधूंस सांगावयास नको. काही वर्षांपूर्वी अशाच एका हंगामात, ऐन दुपारी, पेढीमागील घरातून एकाएकी आक्रोश कानी आला. आम्ही आत धावलो. आमचा चौदा महिन्यांचा नातू आजीच्या मांडीवर ताठ झाला होता. डोळे वर गेलेले, ओठ निळसर, हातपायांस झटके येत होते. सकाळपासून अंग किंचित कोमट होते, एवढेच. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी चप्पल आणावयास धावले, आणि दातखीळ उघडावी म्हणून आजीबाईंनी तोंडात चमचा घातला. त्या चमच्याने पुढचा दुधाचा दात मोडला. रक्त पाहून सूनबाई मटकन खाली बसल्या. मूल मात्र तोवर सैल पडून रडूही लागले होते.

दवाखान्यात डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, ‘झटके किती वेळ चालले?’ एकाने अर्धा तास सांगितला, दुसऱ्याने पंधरा मिनिटे. पाठोपाठ आलेले आमचे मुनीमजी तेवढे शांतपणे म्हणाले, ‘अडीच मिनिटे. ओरडा झाला तेव्हा घड्याळ पाहिले होते, आणि बाळ रडले तेव्हाही पाहिले.’ गाड्यांच्या आवकजावकीची वेळ टिपण्याची त्यांची जन्माची सवय त्या दिवशी आमच्या साऱ्यांच्या मायेहून अधिक उपयोगी पडली.

या विकारास आपण तापातील आकडी म्हणतो. सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या शंभर बालकांपैकी दोन ते पाच बालकांस ती केव्हा ना केव्हा येते. दीड वर्षाच्या आसपास तिचे प्रमाण सर्वांत अधिक असते. वाढत्या वयातील मेंदू ज्वराने चटकन उद्दीपित होतो, हे तिचे कारण; घराण्यात पूर्वी कोणास आली असेल तर संभव वाढतो. पुष्कळदा घरच्यांस ताप आहे हे आकडीनंतरच कळते. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात.

हे फेफरे तर नव्हे ना, ही शंका प्रत्येक घरात येते; मुलगी असेल तर तिच्या लग्नाच्या भीतीने गोष्ट शेजारच्यांपासूनच नव्हे, डॉक्टरांपासूनही लपविली जाते. ही लपवाछपवी आम्हांस रोगाहून घातक वाटते. अमेरिकेत नेल्सन व एलेनबर्ग या संशोधकांनी तापात आकडी आलेल्या १,७०६ बालकांवर सात वर्षे वयापर्यंत लक्ष ठेवून १९७६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एरवी निरोगी असलेल्या आणि साधी आकडी आलेल्या बालकांत पुढे हजारी सुमारे ११ जणांस अपस्मार जडला; कधीच आकडी न आलेल्यांत हे प्रमाण हजारी ५ होते. दोन वर्षांनी त्यांनीच अशा मुलांची त्यांच्या भावंडांशी तुलना केली, तेव्हा बुद्धीत फरक आढळला नाही.

भय मात्र फार जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रह वर्णिले आहेत. राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. त्या राजाच्या काळाशी ज्यांचे नाव जोडले जाते, त्या उग्रादित्याचार्यांच्या ‘कल्याणकारक’ या वैद्यकग्रंथातही बालग्रहांचा विचार आहे. हा ग्रंथ १९४० साली सोलापुरातून छापून निघाला. डोळ्यांदेखत मूल कोणी ओढून न्यावे तसे दिसते, तेव्हा त्या वैद्यांनी त्यास ग्रह म्हटले यात नवल नाही. नवल याचे की, आजही कोठे कोठे आकडीच्या मुलास बिब्बा घालतात किंवा तापल्या लोखंडाचा डाग देतात. आकडी आपोआप थांबते, श्रेय डागाला मिळते, आणि जखम पिकून मूल खरोखर आजारी पडते.

तेव्हा करावे काय? मुलास जमिनीवर वा पलंगाच्या मध्यभागी एका कुशीवर निजवावे, म्हणजे लाळ व ओकारी बाहेर पडेल. गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नये. आकडीत जीभ गिळली जात नाही. हातपाय दाबून धरू नयेत. आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे रुग्णालय गाठावे. औराद, भालकी, आळंदकडील मंडळी आधी उदगीर, लातूर, सोलापूरचा विचार करतात. अशा वेळी जेथे आधी पोहोचता येईल तेच रुग्णालय मोठे समजावे.

पहिली आकडी थोडक्यात थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावेच. चोवीस तासांत पुन्हा आकडी, झटके एकाच अंगास, मूल शुद्धीवर न येणे, मान ताठ होणे, सारखी ओकारी, अंगावर जांभळे डाग, किंवा वय सहा महिन्यांच्या आत, यांपैकी काहीही असल्यास क्षणाचाही विलंब नको. मेंदूज्वराची शक्यता तपासावी लागते.

तापाविषयी थोडे. पॅरासिटामॉल वजनावर देतात, वयावर नव्हे: दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत निदान चार ते सहा तासांचे अंतर, दिवसातून चारांहून अधिक मात्रा नकोत. बाजारात पाच मिलिलिटरमध्ये १२० आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही शक्तींच्या बाटल्या मिळतात, थेंबांचे औषध तर त्याहून तीव्र असते. मालावरील लेबल वाचल्याशिवाय पोते न उचलणारे आपण येथे मात्र अंदाजाने चमचा भरतो. तीन महिन्यांच्या आतील बाळास डॉक्टरांस विचारल्यावाचून काही देऊ नये. ॲस्पिरिन तर कोणत्याच लहान मुलास नको. बर्फ नको, गोधड्याही नकोत. या औषधाने मुलास आराम पडतो; आकडी टळतेच असे मात्र नाही, म्हणून ती आल्यास आईने स्वतःस दोष लावून घेऊ नये.

साधारण तीनांपैकी एका मुलास पुढच्या एखाद्या तापात आकडी पुन्हा येते. अशांसाठी डॉक्टर नाकात मारावयाचा मिडाझोलामचा फवारा लिहून देतात. तो केव्हा व किती मारावा, हे घरातील दोघा-तिघांनी समजून घ्यावे. लसीनंतर ताप येतो म्हणून लसी थांबवू नयेत. गोवराचा ताप लसीच्या तापाहून कितीतरी भारी असतो.

आमच्या नातवास पावणेदोन वर्षांचा असताना पुन्हा एकदा आकडी आली. रात्रीचे अकरा वाजले होते. आम्ही धावत गेलो, तो आजीबाईंनी त्यास कुशीवर निजविले होते, हात रिकामे होते, आणि आम्हांस पाहताच त्या म्हणाल्या, ‘अकरा वाजून चार मिनिटे. तेवढे टिपून ठेवा.’