झोप ही घराने मिळून राखायची गोष्ट

दिवसभर उभे राहून पाय भरून येतात, जेवतानाच डोळे मिटायला लागतात, आणि अंथरुणाला पाठ टेकली की झोप पळून जाते. मग या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचे, मोबाईल काढून वेळ बघायची. बारा वाजलेले असतात. पहाटे चारला पाणी येणार, म्हणजे आता चारच तास उरले, असा हिशोब सुरू होतो आणि उरलीसुरली झोपही जाते.

आपल्या वस्तीत हे घरोघरी आहे. कोणी म्हणते, वयच झाले. कोणी म्हणते, थोडी घेतली की लागते. कोणी मेडिकलमधून शेजारणीच्या गोळीचे नाव सांगून तीच गोळी आणते. आमचे सांगणे एवढेच आहे की गोळीच्या आधी घरात करून बघण्यासारख्या बऱ्याच गोष्टी आहेत. त्यांना पैसा लागत नाही, पण घरातल्या सगळ्यांची साथ लागते. दहा बाय बाराच्या खोलीत एकट्याला झोप लागत नसते.

झोप कशी येते?

मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी. शाळेत जाणाऱ्या मुलांना नऊ ते बारा तास, आणि दहावी-बारावीच्या मुलांनाही आठ ते दहा तास लागतात. वर्षानुवर्षे झोप कमी पडली की रक्तदाब आणि साखर वाढण्याचा धोका वाढतो, चिडचिड होते, कामावर हात चुकतो. मुलांनी दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के बसते तेही झोपेत.

झोप दोन गोष्टींवर चालते. पहिली म्हणजे जागेपणी साठत जाणारी झोपेची ओढ. जितका वेळ जागे राहू तितकी ती वाढते. दुसरी म्हणजे शरीरातले घड्याळ. हे घड्याळ पेशीच्या आत कसे चालते, याचा शोध फळमाश्यांवर लावणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या घड्याळाला चावी देतो तो सकाळचा उजेड.

म्हणून सुरुवात झोपण्याच्या वेळेपासून नाही, उठण्याच्या वेळेपासून करा. रविवार असो वा सुट्टी, रोज एकाच वेळी उठा. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटे दाराबाहेर उजेडात काढा. दात घासणे, भांडी, कपडे, जे करायचे ते बाहेर करा. दुपारी डुलकी लागलीच तर ती वीस-तीस मिनिटांची असावी आणि तीनच्या आत संपावी.

पाण्याची पाळी लावा

आपल्या घरांत सगळ्यात शेवटी आडवी होते ती बाई आणि सगळ्यात आधी उठते तीही बाईच. पाणी भरायला ती, डबे करायला ती. मग तिचे डोके दुखते, तिला राग येतो, आणि आपण म्हणतो हिचा स्वभावच तसा. हा स्वभाव नाही, थकलेली झोप आहे. पहाटेच्या पाण्याला घरातल्या मोठ्यांनी पाळी लावावी. आज आई, उद्या बाबा, परवा मोठा मुलगा. रात्रीची भांडी सगळ्यांनी मिळून घासली तर तिला तासभर लवकर पडता येईल.

अंथरूण झोपेपुरतेच

ज्यांच्या घरी वेगळी बेडरूम असते, त्यांना डॉक्टर सांगतात की पलंगावर बसून जेवू नका, टीव्ही बघू नका. अंथरूण म्हणजे झोप, एवढेच मेंदूला कळले पाहिजे. आपली जुनी रीत इथे कामाची आहे. दिवसा गोधड्या घडी करून ठेवायच्या आणि झोपायच्या वेळीच अंथरायच्या. खाट असेल तर दिवसा तिच्यावर सतरंजी टाका, रात्री ती काढून चादर घाला.

पडल्यावर साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर तळमळत राहू नका. उठा, कोपऱ्यात किंवा दारात मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत या. घड्याळ आणि मोबाईल हाताला लागणार नाही असे ठेवा.

दिवा, टीव्ही, उकाडा

घराने मिळून एक वेळ ठरवावी. समजा दहा. दहाला टीव्ही बंद, मोठी ट्यूब बंद, मोबाईल एका डब्यात. अभ्यास करणाऱ्या मुलासाठी छोटा टेबल-दिवा भिंतीकडे तोंड करून ठेवावा. बाहेरच्या आवाजाला पंख्याची घरघर झाकून टाकते. कानात कापसाचा बोळा चालतो.

झोप लागताना शरीर आतून थोडे गार व्हावे लागते. झोपण्याच्या तास-दोन तास आधी कोमट पाण्याने अंघोळ केली, की रक्त कातडीकडे येते आणि आतली उष्णता बाहेर जाते. निदान हातपाय धुवावेत. पत्र्याच्या घरात उन्हाळ्याआधी वरून चुन्याचा पांढरा हात मारला तर पत्रा कमी तापतो. मच्छरदाणी लावली तर खिडकी उघडी ठेवता येते.

चहा, मिश्री आणि दारू

चहातले कॅफिन निम्मे उतरायला सुमारे पाच तास लागतात. झोप न येणाऱ्याने शेवटचा चहा चारच्या आत घ्यावा. रात्री झोपताना मिश्री लावण्याची सवय बऱ्याच बायांना आहे. तिने बरे वाटते, पण तंबाखूतले निकोटिन मेंदूला जागे करते. दारूने डोळा लवकर लागतो हे खरे, पण मध्यरात्रीनंतर झोप मोडते आणि घोरणे वाढते. जायफळ झोपेसाठी घेतात, पण जास्त झाले तर छातीत धडधड आणि भ्रम होतो. लहान बाळांना तर प्रयोग म्हणून देऊच नये.

डोक्यातला हिशोब कागदावर

हप्ता, फी, मालकाचे बोलणे, हे सगळे रात्रीच आठवते. झोपण्याआधी पाच मिनिटे वहीत उद्याची कामे लिहून काढा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात उद्याची कामे लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. लिहिता येत नसेल तर मुलांना सांगून लिहून घ्या. दिवसभरात काय चालले आहे, हे त्यांनाही कळेल.

मग आडवे पडून श्वास चार अंकांत आत आणि सहा अंकांत बाहेर सोडा. विहारात आनापानसतीला बसणाऱ्यांना श्वासाकडे बघणे ओळखीचे आहे. मन भटकले तर परत श्वासाकडे या. झोप आलीच पाहिजे असा हट्ट मात्र धरू नका.

रात्रपाळी असेल तर

वॉचमन, सफाई कामगार, दवाखान्यातल्या मावश्या यांचे घड्याळ उलटे चालते. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच घ्यावा. घरी येताना टोपी किंवा गॉगल लावावा, म्हणजे सकाळचा उजेड डोळ्यांवर कमी पडतो. घरी डोळ्यांवर काळे फडके बांधून झोपावे. त्या वेळी टीव्ही बंद ठेवणे आणि दार न वाजवणे हे घराचे आणि शेजाऱ्यांचे काम आहे.

दवाखान्यात कधी जायचे?

आठवड्यातून तीन रात्री झोप लागत नाही आणि असे तीन महिने चालले आहे. मोठ्याने घोरताना श्वास मध्येच थांबतो. पायात वळवळ होऊन ते हलवल्याशिवाय राहवत नाही, जे रक्तात लोह कमी झाल्यानेही होते. अशा वेळी जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय घेऊ नका, आणि बरेच दिवस घेत असाल तर अचानक सोडूही नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. मन सतत उदास असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो सरकारी आहे, मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

हे सगळे एका रात्रीत करायचे नाही. या आठवड्यात दोनच गोष्टी करा: उठायची एक वेळ आणि पाण्याची पाळी. कागदावर लिहून भिंतीला लावा. दोन-तीन आठवडे नेमाने पाळले की फरक दिसू लागेल.